चंद्रीचं दावं

राजपालनं मोठीमायचं म्युझियम फोनच्या नकाशावर चढवलं आणि पंधरवड्याच्या आत दारात आजारी जनावरं यायला लागली.

चूक म्हटली तर बोटभर होती. नाव टाकून झालं, फोटो टाकून झाला, स्वतःचा नंबरही टाकून झाला. मग फोननं विचारलं, हे ठिकाण कोणत्या प्रकारचं? त्यात 'संग्रहालय' होतं, आणि राजपालचं बोट त्याच्यावर गेलंही होतं. पण बिदरच्या किल्ल्यातलं संग्रहालय, हैदराबादचं संग्रहालय, आणि त्यांच्या पंगतीत खटकचिंचोळीच्या भीमनगरातला पत्र्याचा गोठा? आपण भालकीला जाऊन बी.कॉम. झालो, स्टँडवर मोबाइलचं दुकान टाकलं, लोक काय म्हणतील? बोट जरा खाली सरकलं. तिथं 'जनावरांचा दवाखाना' होतं. निदान जनावर तरी आलं, असं म्हणून त्यानं ते दाबलं आणि चहा प्यायला गेला.

आधी एक लंगडी शेळी आली. मग एक कुत्रं आलं, त्याच्याबरोबर बिदरचा एक जावई आला. सरुबाईनं सगळ्यांना सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि जाता जाता म्युझियमही दाखवलं. शेळीवाल्याला ते इतकं आवडलं, की तो शेळी विसरून निघाला होता.

सरुबाई म्हणजे राजपालच्या थोरल्या चुलत्याची बायको. तो तिला मोठीमाय म्हणायचा, मग सगळं भीमनगरच म्हणायला लागलं. चुलता जाऊन बरीच वर्षं झाली. बाईनं साठी ओलांडलेली. उंचीनं बेताची, आवाजानं मुळीच नव्हे. उभा जन्म म्हशी राखण्यात गेला. गुडघे कुरकुरायला लागले तशी तिनं शेवटची म्हस विकली आणि गोठा रिकामा झाला. रिकाम्या गोठ्यात लोक सरपण ठेवतात. सरुबाईनं भिंतींना निळा रंग काढला, ओळीनं खिळे ठोकले आणि दारावर पाटी लावली: 'म्हशीचं म्युझियम. वाकून आत यावे.'

वाकायचं कारण असं, की सिमेंटचा रस्ता करताना गल्ली हातभर वर आली आणि गोठ्याचं दार बुटकं राहिलं. राजपाल कितीदा म्हणाला, पत्रा जरा वर घेऊ, लोकांच्या डोक्याला लागायलंय.

"लागू दे की," मोठीमाय म्हणायची. "आमी जन्मभर वाकलाव, तवा कुनी पत्रा वर घेतला का?"

आत शिरलं की समोर मोट लटकलेली दिसायची, चामड्याची, वाळून पत्र्यासारखी कडक झालेली. "हिचं कातडं माझ्या सासऱ्यानं वढून आनलेलं," सरुबाई सांगायची. "ह्या मोटंचं पानी सगळं गाव पिलं. सासऱ्याच्या घागरीत मात्र वरूनच वतायचे. आता बगा, कातडं बाटलं न्हाई, पानी बाटलं न्हाई, घागर तेवढी बाटली." पाहुणे शहाणे असले तर गप्प बसायचे. नसले तर "पूर्वी तसं होतं" म्हणायचे. मग सरुबाई त्यांना पुढच्या वस्तूकडं न्यायची. ती वस्तू म्हणजे पेंढा भरलेलं पारडू. पारडू मेलं, की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवायचे. म्हस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. अंधारात त्याचे कवड्यांचे डोळे चमकले, की "पूर्वी तसं होतं" म्हणणारे दाराकडं सरकायचे आणि पत्रा डोक्याला लागायचा.

शिवाय शिंगं होती, शिंगाची फणी होती, पळपुट्या म्हशीच्या गळ्यातलं लाकडी लोढणं होतं. चौकटीतला एक फोटो होता. त्यात रंगी नावाची म्हस आणि तरुण सरुबाई, दोघी कॅमेऱ्याकडं बघताहेत. भालकीच्या फोटोवाल्याला तिनं ओढत गोठ्यात आणलं होतं. लग्नाच्या फोटोत सरुबाई हसलेली नाही, ह्याच्यात हसली आहे. नवरा जिवंत असेपर्यंत त्याला ह्याचं वाईट वाटत राहिलं.

पण म्युझियमचा जीव होता दाव्यांच्या भिंतीत. आपल्याकडं म्हस विकली तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, म्हशीच्या गळ्यात घालायचं, मग विकणारा आपलं सोडून घेतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असं जुनी माणसं सांगतात. सरुबाईला बरकतीचं पटत होतं असं नाही. पौर्णिमेला विहारात पुढं बसून वंदना म्हणणारी बाई ती, नवससायासापुढं हात न जोडणारी. तरी दावं द्यायचं नाही, हे तिला पटलेलं. "पोटच्यावानी संबाळायचं आनि त्यातलं काईच आपल्याकडं ठिवायचं न्हाई, असं कामून?" एकेका खिळ्यावर एकेक दावं, वर रंगानं नाव: रंगी, कबरी, भुरी, मैना. दरवर्षी पोळ्याला, गाव बैलांच्या शिंगांना रंग लावत असताना, सरुबाई दाव्यांना करडीचं तेल चोळायची. बैलाला सण आहे, म्हशीला कुणी विचारत नाही, म्हणून.

सगळ्यात वरच्या, कोपऱ्यातल्या खिळ्यावर अंबाडीचं एक जाडजूड दावं. नाव: चंद्री.

चंद्रीची गोष्ट सरुबाई प्रत्येकाला सांगायची, आणि प्रत्येक वेळी पदर खोचून सांगायची. तिचं लग्न नुकतंच झालेलं. गावातल्या काशिनाथराव पाटलानं एक मरतुकडी पारडी सासऱ्याला अर्धलीनं दिली होती. अर्धल म्हणजे पारडी त्यांची, वाढवायची आपण, आणि ती गाभण राहिली की निम्मी त्यांची, निम्मी आपली. सरुबाईनं ती पारडी बांधाबांधानं गवत आणून वाढवली. अंगानं अशी तकतकीत झाली, की तिच्या पाठीवर माशी घसरायची. गाभण राहिल्याचं कळलं त्या दिवशी काशिनाथराव आला. मधे एका उन्हाळ्यात दिलेला कडबा त्यानं हिशेबात धरला आणि सासऱ्याचं निम्मं कडब्यातच फिटलं असं जाहीर करून म्हस न्यायला उभा राहिला. सासरा खाली बघत होता. नवरा त्याहून खाली बघत होता.

"मी गेले," सरुबाई सांगायची, "आनि चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडून घेतले. पाटील म्हनला, दावं दे गं पोरी. मी म्हनले, म्हस न्या. दावं देत न्हाईत."

पाटलानं आपलं दावं आणलंच नव्हतं. त्यानं गल्लीत मागून पाहिलं. गल्लीत दावी कमी नव्हती, पण त्या दिवशी एकाच्याही घरात दावं सापडेना. शेवटी काशिनाथरावानं खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढलं, म्हशीच्या गळ्यात बांधलं आणि निघाला. आठेक वर्षांचा मुलगा मागून म्हस हाकत होता. चंद्री मारुतीच्या पारापर्यंत नीट गेली. तिथं हापशाच्या सांडपाण्याचं डबकं होतं. ती त्यात बसली, उपरण्यासकट. पाटलाच्या हातात उपरण्याचं एक टोक, पारावर गाव बसलेलं, आणि म्हस काही उठेना.

त्या दिवसापासून ते घर लोकांच्या तोंडी 'उपरणेवाले' झालं. मागून म्हस हाकणारा मुलगा म्हणजे गुंडेराव. त्याची पन्नाशी आली, दोन ट्रॅक्टर झाले, घराला टाइल्स लागल्या. नाव मात्र टाइल्सवर पुसूनही गेलं नाही.

आता राजपालच्या चुकीचं पिल्लू.

सरुबाई डोळे दाखवायला भालकीला गेली होती आणि राजपाल म्युझियम सांभाळत होता, म्हणजे दारात बसून फोन बघत होता. इतक्यात एक टेम्पो आला. मागं फुगलेल्या पोटाची म्हस. कमठाण्याच्या मडिवाळप्पानं हुमनाबादकडून ती नुकतीच घेतली होती. घरी नेताना वाटेत तिचं पोट ढोलासारखं झालं, फोनला विचारलं, फोननं इथं आणलं.

"डॉक्टरसाब?" मडिवाळप्पानं राजपालला हात जोडले.

हा हात जोडलेला प्रसंग राजपालला पुढं बरेच दिवस जेवताना आठवत होता. त्यानं सरकारी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर नशिबानं जवळच होता. त्यानं येऊन नळीनं तेल पाजलं, टोचलं, आणि थोड्या वेळानं म्हशीनं असा काही ढेकर दिला, की भीमनगरातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. सगळं निभावलं होतं. फक्त म्हस परत टेम्पोत चढवताना मडिवाळप्पाची नवी नायलॉनची दोरी तटकन तुटली. जुनं दावं विकणाऱ्यानं ठेवून घेतलेलं, रीतीप्रमाणं. मडिवाळप्पा इकडं तिकडं बघायला लागला. राजपालचा जीव ओशाळलेला होताच. त्यानं आत जाऊन हाताला लागेल ते दावं काढलं. उंच होता, म्हणून वरचं हाताला लागलं.

"वापस करतो अण्णा," मडिवाळप्पा म्हणाला.

"असू द्या हो," राजपाल म्हणाला. एवढा मोठेपणा त्यानं आधी कधी दाखवला नव्हता.

सरुबाई परतली तेव्हा डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धुरकट दिसत होतं. वरच्या खिळ्याकडं तिनं बघितलं असतं तरी काही कळलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गुंडेराव आला.

त्याच्या येण्यामागं वेगळंच कारण होतं. उदगीरच्या विजयश्रीबाई म्हणून एक शिक्षिका गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला चालल्या होत्या. वाटेत चहाला थांबल्या, पाटी दिसली, वाकून आत गेल्या. सरुबाईनं सांगितलेली चंद्रीची गोष्ट त्यांनी फोनमध्ये उतरवून घेतली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवली. नातेवाइकांचे नातेवाईक लातूरला होते, आणि लातूरच्याच एका घरी गुंडेरावच्या मुलीची सोयरीक जुळत आलेली. होणारे व्याही फोनवर हसत म्हणाले होते, "पाटील, ते उपरण्याचं घराणं तुमचंच का हो?"

"या गुंडेराव," सरुबाई आतून म्हणाली. "वाका जरा."

गुंडेराव वाकला. तरी पत्रा लागलाच.

"सरुबाई, मी भांडायला आलो न्हाई."

"मंग बसा."

"मोट ठिवा, शिंगं ठिवा, ते पेंढ्याचं भूत ठिवा. माझं कायी म्हननं न्हाई. ते एक दावं तेवढं काढा. आनि ती गोष्ट बंद करा."

"गोष्ट खोटी हाय का?"

"खोटी हाय म्हून कुठं म्हनलो."

"मंग?"

"खरी हाय म्हून तर बंद करा म्हनायलोय," गुंडेराव कळवळून म्हणाला. "पोरीच्या सोयरिकीचा सवाल हाय. तुमी लोकं बी आता सुदारलाव. जुनं कशाला उकरायलाव?"

"आमी सुदारलाव म्हूनच सांगायलाव की. आदी सांगता कुठं येत हुतं?" सरुबाई उठली. "त्या दिवशी तुमी तर मागनं म्हस हाकायलेलाव. तुमच्याच डोळ्यांदेखत झालंय. हे बगा, हे दावं..."

तिनं टाचा उंचावून हात वर नेला. बोटांना खिळा लागला. तिनं खिळ्याच्या अलीकडं चाचपलं, पलीकडं चाचपलं. राजपाल दाराच्या चौकटीत उभा होता. त्याला एकदम दुकान उघडायचं आठवलं.

"कुठाय?" गुंडेरावनं विचारलं.

सरुबाईचा हात क्षणभर तसाच वर राहिला. मग तिनं तो सावकाश खाली आणला, पदराला पुसला.

"गावाला गेलंय."

"दावं?"

"कामून, दाव्यानं गावाला जाऊ न्हाई का? तुमचं उपरनं न्हाई का गावभर फिरलं?"

गुंडेरावचा चेहरा तांबडा झाला. भांडायला आलो नाही म्हणणारा माणूस आता नीट भांडायला उभा राहिला. "गोठ्यात यायची वाट माझ्या जागंतनं हाय, ठाव हाय ना? आजवर आडवलं न्हाई. आता दगडं टाकतो. बांदून घेतो सगळं. मंग दाखवा म्युझियम पाखरांना."

हे खरं होतं. गोठ्याच्या मागं ओढा, दोन्ही बाजूंना घरं. दारापुढची मोकळी पट्टी काशिनाथरावाच्या वेळेपासून पाटलांची. भिंत उठली की म्युझियमचं दार भिंतीला लागणार.

"टाका," सरुबाई म्हणाली. "जाताना वाका."

तो गेल्यावर ती राजपालकडं वळली. राजपालनं सगळं सांगितलं, म्हस, ढेकर, नायलॉन, आणि नकाशातला दवाखानासुद्धा. तिनं दाव्याबद्दल काही विचारलं नाही. नकाशाबद्दलच विचारलं.

"म्युझियम असं न्हवतं का त्यात?"

"हुतं."

"मंग ते कामून न्हाई घातलास?"

"लोक हसतील म्हून."

मोठीमायनं त्याच्याकडं बघितलं. थेंबांनी डोळे लाल झालेले, म्हणून ते बघणं जास्तच लागलं.

"मी हसले का तुझ्या बी.कॉम.ला?" ती म्हणाली. "जा, दावं घिऊन ये."

राजपाल त्याच दिवशी मोटरसायकल काढून कमठाण्याला गेला. मडिवाळप्पाचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात ती म्हस उभी होती, पोट आत, डोळे मिटून रवंथ करणारी. मडिवाळप्पानं चहा आणला, बायकोला हाक मारून "हेच ते डॉक्टरसाब न्हाईत" अशी ओळख करून दिली, आणि मग छपराकडं बघायला लागला.

"दावं?" राजपालनं विचारलं.

"हाय अण्णा. हाय, पन..." त्यानं छपरातून काढून पुढं धरलं. निम्मंच होतं. एक टोक चघळून चघळून केरसुणीसारखं फुललेलं. "तेलाचा वास लागला तिला. सकाळी बगतो तर खाऊन बसलीय. नवं घ्या, नायलॉनचं घ्या, दोन घ्या."

"नायलॉन नको," राजपाल म्हणाला. आपल्या आवाजात मोठीमाय बोलल्यासारखं त्याला वाटलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

"ह्याची एवडी काय किंमत?"

मग राजपालनं त्याला चंद्रीची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच सांगितली. लहानपणापासून कानावर पडलेली, तरी सांगताना त्याला मधेच पदर खोचावासा वाटला. डबक्याची जागा आली तेव्हा मडिवाळप्पाची बायको भिंतीला टेकून हसायला लागली, आणि मडिवाळप्पानं आपल्या म्हशीकडं जरा आदरानं बघितलं. निघताना तो म्हणाला, "ही व्यायील दोन महिन्यांत. पहिला खरवसाचा चीक तुमच्या मोठीमायला. मी सोता आनतो."

राजपाल परतला तेव्हा दारापुढं दगडांचा ढीग पडलेला होता. सरुबाई एका दगडावर बसून शेंगा सोलत होती. दुसऱ्या दोन दगडांवर गाणगापूरला निघालेले उदगीरकडचे नवराबायको बसले होते आणि गोष्ट ऐकत होते. बसायला जागा नाही, ही म्युझियमची जुनी अडचण गुंडेरावनं परस्पर सोडवली होती.

सरुबाईनं निम्मं दावं हातात घेतलं. चघळलेल्या टोकावरून बोट फिरवलं. राजपाल मान खाली घालून उभा.

"चंद्रीच्याच वंशातली असंल," ती म्हणाली. "पाटलानं न्हेली ती निम्मी आनि हिनं खाल्लं ते निम्मं. ऱ्हायलेलं माझं." आणि आत जाऊन तिनं ते खिळ्यावर अडकवलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी ईरण्णा आला. त्यानं दोन खुंट्या ठोकल्या आणि सूत ताणलं. सूत बरोबर म्युझियमच्या दारासमोरून गेलं, वावभर अंतरावरून. गुंडेराव कमरेवर हात ठेवून उभा. भीमनगरातली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं पोलिसांत जाऊ, कुणी म्हणालं तहसीलदाराकडं जाऊ. राजपाल तर दगड उचलून ओढ्यात फेकायला निघाला होता.

"कुटंबी जायचं न्हाई, कायबी फेकायचं न्हाई," सरुबाई म्हणाली. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. "बांदू दे. मी आतच बसते. भिंत झाल्यावर वरनं वरडून गोष्ट सांगीन. माझा आवाज पाटलाच्या टाइल्सपत्तोर जातो."

हे मात्र गुंडेरावलाही खोटं म्हणता आलं नसतं.

ईरण्णानं पहिला दगड उचलला आणि तसाच धरून थांबला. गल्लीच्या तोंडातून काठी टेकत राजूबाई येत होती. गुंडेरावची आई. घराबाहेर फारशी न पडणारी, आणि भीमनगरात तर सून होऊन आल्यापासून एकदाही न आलेली. काखेत कापडी पिशवी. ती सुतापाशी आली, काठीनं सूत खाली दाबलं, वरून एक पाय टाकला, मग दुसरा. ईरण्णानं दगड खाली ठेवला.

"आई, इकडं कुठं?" गुंडेराव म्हणाला.

"दिसत न्हाई का?"

राजूबाईला दारात वाकावं लागलं नाही. वयानं ती आधीच वाकलेली होती. आत जाऊन ती भिंतीपुढं उभी राहिली. सरुबाईनं सरकून जागा दिली. राजूबाईनं निम्म्या दाव्याकडं बघितलं, मग पिशवीत हात घालून एक घडी काढली. पिवळं पडलेलं कापड, जर काळी झालेली, आणि एका टोकापासून अर्ध्यापर्यंत चिखलाचा तपकिरी डाग.

बाहेर गुंडेरावनं कमरेवरचे हात काढले.

"ह्यांनी चुलीत घाल म्हनले हुते," राजूबाई म्हणाली. "मी पेटीच्या तळाला घातले. दोनदा धुतले. डाग जाईना, मंग म्हनले ऱ्हाऊ दे."

"कामून ठिवलाव?" सरुबाईनं विचारलं. आवाज अजून कडकच होता.

राजूबाईनं पारडाच्या कवड्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. "त्या दिवशी हे चिखलानं भरून घरी आले. मी दाराआड हुते. हसले मी. तोंडात पदर कोंबून हसले. त्या घरात आल्यापासून पयल्यांदा." मग तिनं उपरणं पुढं धरलं. "त्याच खिळ्याला लावा. एकटं दावं काय सांगतंय?"

"आई, बाहेर ये," गुंडेराव बाहेरून म्हणाला.

"तू आत ये. वाकून ये."

गुंडेराव आत आला नाही. ईरण्णानं त्याच्याकडं बघत विचारलं, "पाटील, सूत ठिवू का काडू?" आपणच टाकलेल्या एका दगडावर गुंडेराव बसला, आणि आतून आईचा आवाज येत राहिला तोवर बसून राहिला. आई आत असताना दार कसं बांधणार? ईरण्णा अनुभवी माणूस. त्यानं दुपारच्या आधीच सूत गुंडाळून खिशात घातलं.

राजपालनं उपरणं खिळ्याला लावलं. मोठीमायनं दोनदा सरळ करायला लावलं.

"अजून एक हाय," राजूबाई म्हणाली. आता ती खाली बसली होती, काठी मांडीवर. "चंद्री आमच्याकडं यिऊन सा-सात महिन्यांनी व्याली. रेडी झाली. पयल्या धारंचा चीक, जिनं वाडवली तिच्या घरी पोचता करायचा, ही रीत तुमाला ठाव हाय, मला बी ठाव हुती. लोटा भरून झाकून ठिवलेते मी. सासू म्हनली, त्या गल्लीत आपल्या घरचा लोटा जायचा न्हाई. ग्येला न्हाई."

सरुबाई तिच्यासमोर खाली बसली.

"तुमचा तेवडा चीक ऱ्हायलाय माझ्याकडं," राजूबाई म्हणाली.

कुणालाही वाटलं असतं, आता सरुबाई म्हणेल, असू द्या हो आक्का, झालं गेलं. राजपालला तर वाटलंच. त्यानं तोंडही तसंच करून ठेवलं होतं.

"व्हय," सरुबाई म्हणाली. "ऱ्हायलाय."

"आता घरात म्हस न्हाई. गुंडू पाकिटाचं दूध आनतो."

"ते तुमचं तुमी बगा. उशीर झालाय, आजून होऊ दे. पन मी सोडायची न्हाई."

"सोडू नका," राजूबाई म्हणाली, आणि उठली. जाताना तिनं पुन्हा सूत दाबायला काठी उचलली, सूत नव्हतं.

सोयरीक जमली. लातूरचे पाहुणे सुपारी फोडायला आले, आणि गुंडेरावनं कितीही विषय बदलला तरी आधी म्युझियम बघायचं म्हणून बसले. नवरदेवाच्या मामाच्या डोक्याला पत्रा चांगलाच लागला. उपरण्याबरोबर त्यांनी फोटो काढले. गुंडेराव तेवढा दगडावर बसून राहिला. दगड त्यानं उचलून नेले नाहीत. न्यायचे तर मजूर लावावे लागतील, असं तो सांगतो.

राजपालनं नकाशात 'दवाखाना' काढून 'संग्रहालय' केलं. त्यानंतर आजारी जनावरं यायची थांबली. सरुबाईला ते थोडं आवडलं नाही. तिचं म्हणणं, जनावराबरोबर येणारा माणूस जास्त नीट ऐकतो.

मडिवाळप्पाची म्हस व्याली तेव्हा तो बोलल्याप्रमाणं चिकाची कासंडी घेऊन टेम्पोनं आला. सरुबाईनं त्याला बसवलं, चहा दिला, म्हशीची, रेडकाची चौकशी केली, आणि कासंडी भीमनगरातल्या पोरांत वाटून टाकली. स्वतः बोटही लावलं नाही.

"खा की मोठीमाय," राजपाल म्हणाला. "चीक तो चीक."

"हा मडिवाळप्पाचा. माझा पाटलाच्या घरनं यायचाय."

चंद्रीच्या खिळ्याखाली तिनं आता एक पितळी लोटा ठेवला आहे. पाहुणे विचारतात, ह्याच्यात काय आहे? सरुबाई लोटा उपडा करून दाखवते आणि गोष्टीचा उरलेला भाग सांगते. परवा भालकीच्या जनावरांच्या बाजारात गुंडेराव म्हशींचे दात बघत फिरताना दिसला, असं ईरण्णा सांगत होता. बरोबर आई होती, आणि त्याच्या हातात नवंकोरं दावं होतं. एकही म्हस पसंत पडली नाही म्हणे.

लोटा अजून रिकामाच आहे.